तोडण्याआधी कोणाला विचारायचे? वारसा आणि निसर्ग जपणारे कायदे प्रत्यक्षात काय करतात

मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात लोहखनिजाची खाण वाढवताना रिओ टिंटो या कंपनीने जूकन घळीतील दोन शैलाश्रय, म्हणजे खडकातील नैसर्गिक निवारे, सुरुंग लावून उडवले. त्यांपैकी एका शैलाश्रयात सुमारे ४६,००० वर्षांपूर्वीपासून माणसाचा वावर होता, आणि २०१४ च्या उत्खननात तेथे मानवी केसांच्या पेडाचा सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा तुकडा सापडला होता. त्या केसांचा जनुकीय संबंध आजही त्या भूमीवर परंपरेने हक्क सांगणाऱ्या पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा या आदिवासी समूहांशी जुळत होता. पुढे चौकशी झाली, कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला आणि आणखी दोन वरिष्ठांना पद सोडावे लागले. मात्र या प्रकरणात खरा खटकणारा भाग वेगळाच आहे. हे शैलाश्रय कायद्यानुसार उडवले गेले. राज्याच्या १९७२ च्या आदिवासी वारसा कायद्याच्या अठराव्या कलमाखाली २०१३ मध्येच रीतसर परवानगी मिळाली होती. परवानगीनंतर झालेल्या उत्खननातून त्या जागेचे महत्त्व कितीतरी वाढले, तरी दिलेल्या परवानगीचा फेरविचार करण्याची वाट त्या कायद्यात नव्हती. परवानगी नाकारली गेल्यास जमीन वापरणाऱ्याला दाद मागता येत होती; परवानगी दिली गेल्यास त्या भूमीच्या मूळ समूहांना मात्र ती सोय नव्हती.

म्हणजे वारसा होता, त्याचे संरक्षण करणारा कायदाही होता, आणि वारसा कायद्याच्या डोळ्यांदेखत गेला. या क्षेत्रातील कायदे समजून घ्यायचे असतील तर ‘अमुक स्थळ संरक्षित आहे का’ या प्रश्नाने सुरुवात करून फारसे हाती लागत नाही. जगातील बहुतेक वारसा कायदे आणि पर्यावरण कायदे ‘हे कधीही तोडू नका’ असे सांगत नाहीत. तोडण्याआधी विचारा, एवढेच ते सांगतात. कोणाला विचारायचे, कोणत्या टप्प्यावर विचारायचे, आणि नवी माहिती पुढे आल्यास मिळालेले उत्तर बदलता येते का, यावर त्या कायद्याची खरी ताकद ठरते. जूकन घळीत या तीनही ठिकाणी कायदा तोकडा पडला.

आज ‘आधी विचारा’ हे मागणे साधे वाटते, पण ते कायद्यात यायलाही बराच काळ गेला, कारण आड येत होती ती मालमत्तेची कल्पना. माझ्या शेतातील दगडी वर्तुळ माझे, ते मी फोडून रस्त्याला घालीन, त्यात सरकारचे काय काम, अशी ती भूमिका होती. ब्रिटनमध्ये जॉन लबक यांनी अनेक वर्षे खटपट केल्यावर १८८२ मध्ये प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा झाला, तोही इतका मवाळ की मालकाने स्वखुशीने स्मारक सरकारच्या देखरेखीखाली दिले तरच त्याचा उपयोग. मालक नाही म्हणाला की विषय संपला. चित्र बदलायला एका गढीतील शेकोट्या कारणीभूत ठरल्या. इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातील टॅटरशल येथील पंधराव्या शतकातील गढीच्या कोरीव दगडी शेकोट्या काढून विकण्यात आल्या आणि अमेरिकेच्या वाटेला लागल्या. लॉर्ड कर्झन यांनी १९११ मध्ये गढी विकत घेतली, शेकोट्या शोधून परत बसवल्या, आणि या प्रकरणाने उठलेल्या गदारोळानंतर १९१३ चा कायदा आला, ज्यामुळे मालकाच्या मर्जीविरुद्धही स्मारकाचे संरक्षण करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. याच कर्झन यांच्या व्हाइसरॉयपदाच्या काळात भारतात १९०४ चा प्राचीन स्मारक जतन कायदा झाला होता. वसाहतीत नऊ वर्षे आधी कायदा आणि मायदेशी नंतर, हा क्रम विचार करण्याजोगा आहे. परक्या भूमीवरील मालकी हक्कांना हात घालणे राज्यकर्त्यांना नेहमीच सोपे वाटत आले आहे.

निसर्गाच्या बाबतीत कायद्याने दुसरी वाट धरली. १८७२ मध्ये अमेरिकेने यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान जाहीर केले तेव्हा जमीन सरकारची असल्याने मालकाशी भांडण्याचा प्रश्न आला नाही. एका मोठ्या भूभागाभोवती रेघ आखायची आणि आतमध्ये वस्ती, विक्री, तोड बंद करायची, ही ती पद्धत. ती रेघ आखताना आत कोणी राहत नाही असे गृहीत धरले गेले आणि ते खरे नव्हते, याकडे पुढे यावे लागेल. तूर्त एवढेच लक्षात घ्यावे की इमारती, शिल्पे, पुरावस्तू यांचा कायदा आणि जंगल, प्राणी, नद्या यांचा कायदा जवळजवळ शंभर वर्षे वेगळ्या कचेऱ्यांत आणि वेगळ्या तज्ज्ञांच्या हाती वाढत गेला.

हे दोन प्रवाह एकाच दस्तऐवजात आणण्याचे काम १६ नोव्हेंबर १९७२ रोजी युनेस्कोने स्वीकारलेल्या जागतिक वारसा कराराने केले. त्यामागे इजिप्तमधील एक प्रसंग होता. आस्वानच्या उंच धरणाच्या जलाशयात अबू सिंबेलची मंदिरे बुडणार होती. १९६० मध्ये युनेस्कोने जगाला मदतीचे आवाहन केले, सुमारे ५० देशांनी हातभार लावला, आणि १९६४ ते १९६८ या काळात डोंगरात कोरलेली ती मंदिरे कापून, सुमारे ६५ मीटर वर नेऊन पुन्हा उभी केली गेली. एखाद्या देशातील वारशाची काळजी इतर देशांनाही असू शकते, हे त्यातून प्रत्यक्ष दिसले. कराराखाली स्थळे निवडण्याचे आज दहा निकष आहेत, सहा सांस्कृतिक आणि चार नैसर्गिक, आणि १९७८ च्या पहिल्या यादीत यलोस्टोन, गालापागोस बेटे, इथिओपियातील लालिबेलाची खडकात कोरलेली चर्चे अशी १२ स्थळे एकत्र आली.

या यादीविषयी लोकांच्या मनात एक मोठा गैरसमज आढळतो. स्थळ यादीत गेले की युनेस्को त्याचे रक्षण करते, असे अनेकांना वाटते. युनेस्कोकडे पोलीस नाहीत, न्यायालय नाही आणि निधीही तुटपुंजा आहे. कराराच्या चौथ्या कलमानुसार रक्षणाची जबाबदारी प्रथम त्या त्या देशाची आहे, आणि सहावे कलम देशाचे सार्वभौमत्व मान्य करते. युनेस्कोच्या हाती फार तर दोन गोष्टी आहेत: स्थळाला ‘धोक्यातील वारसा’ असे जाहीर करणे, आणि शेवटी नाव काढून टाकणे. ओमानमधील अरबी ओरिक्स या हरणासारख्या प्राण्यासाठी राखलेले अभयारण्य १९९४ मध्ये यादीत आले. तेथे शिकार वाढली, १९९६ मध्ये ४५० असलेली ओरिक्सची संख्या ६५ वर आली आणि तेलाच्या शोधासाठी सरकारने अभयारण्याचे क्षेत्र ९० टक्क्यांनी घटवले. २००७ मध्ये यादीतून वगळले गेलेले ते पहिले स्थळ ठरले. जर्मनीतील ड्रेस्डेनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. एल्ब नदीच्या खोऱ्याला २००४ मध्ये मान मिळाला, २००५ मध्ये शहरातील नागरिकांनी सार्वमतात नव्या चौपदरी पुलाच्या बाजूने कौल दिला, २००९ मध्ये नाव निघाले आणि २०१३ मध्ये पूल वाहतुकीला खुला झाला. ज्यांचा वारसा, त्यांनीच लोकशाही मार्गाने पूल निवडला असेल तर बाहेरच्या समितीने काय म्हणावे? मला वाटते, समितीने नाव काढले तेही योग्य आणि नागरिकांना पूल निवडण्याचा अधिकार होता तेही योग्य. अशा वादात कायदा दोन्ही पक्षांना आपापल्या निर्णयाची किंमत उघडपणे मोजायला लावतो, त्याहून अधिक त्याच्याकडून अपेक्षा ठेवता येत नाही. २०२१ मध्ये लिव्हरपूलचेही नाव बंदरकाठच्या नव्या बांधकामांमुळे गेले.

तरीही यादी निरुपयोगी आहे असे म्हणता येणार नाही. बेलीझचे प्रवाळ बेट-संकुल २००९ मध्ये धोक्याच्या यादीत गेल्यावर तेथील नागरिकांनी तेलशोधाविरुद्ध मोठा दबाव उभा केला, देशाने आपल्या सागरी हद्दीत तेलशोधावर कायद्याने बंदी आणली आणि २०१८ मध्ये ते स्थळ धोक्याच्या यादीतून बाहेर आले. आंतरराष्ट्रीय यादीचा दबाव देशांतर्गत कायद्यात उतरला तेव्हाच तो कामाला आला, हे यात पाहण्यासारखे आहे.

देशांतर्गत कायद्यात सर्वांत जुने हत्यार म्हणजे अंतर. स्मारक जपायचे तर त्याच्या भोवतालचाही विचार करावा लागतो, कारण पायालगत खोदकाम झाले तर भिंतीला तडा जातो आणि समोर उंच इमारत उभी राहिली तर जे दिसायला हवे तेच झाकले जाते. फ्रान्सने १९४३ मध्ये संरक्षित स्मारकाभोवती ५०० मीटरच्या वर्तुळात कोणत्याही बदलासाठी परवानगी सक्तीची केली. भारतात १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती होऊन राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रत्येक स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र अशी रचना कायद्यातच आली. पहिल्या पट्ट्यात नवे बांधकाम होत नाही, दुसऱ्यात ना हरकत प्रमाणपत्र घेऊन करता येते.

मोजपट्टीने आखलेली अशी हद्द अंमलात आणायला सोपी असते, आणि तिचा दोषही तोच. उजाड माळावरील एकाकी स्तूप आणि गजबजलेल्या पेठेतील मशीद यांना तोच आकडा लागू होतो. पेठेत पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या माणसाला घराचा मजला वाढवता येत नाही, दुरुस्तीलाही कागदपत्रे लागतात, आणि स्मारकाबद्दल त्याच्या मनात जिव्हाळ्याऐवजी चीड साठत जाते. मग रात्रीतून बांधकामे होतात. यावर उपाय म्हणून प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी, म्हणजे त्या जागेपुरते नियम, करण्याची तरतूद २०१० च्या दुरुस्तीत आहे, पण हजारो स्मारकांसाठी ते काम अतिशय संथ चालते. फ्रान्सने २०१६ च्या कायद्याने सरसकट वर्तुळाच्या जागी त्या स्थळाला अनुसरून रेखाटलेली हद्द ठरवण्याची वाट रुंद केली, आणि माझ्या मते दिशा तीच असायला हवी. केवळ आकडा कायद्यात लिहिल्याने काय होते याचा पुरावा भारताच्या महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात आहे. प्रत्यक्ष पाहणीत ९२ केंद्रीय संरक्षित स्मारके सापडलीच नाहीत. नंतर पुरातत्त्व खात्याने त्यांतील बरीच शोधून काढली. उरलेल्यांपैकी काही वाढत्या शहरांनी गिळली होती, काही जलाशयांखाली गेली होती, आणि २४ चा मागमूस लागला नाही. कागदावर ती संरक्षितच होती.

मालकाच्या नुकसानीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यावर डोळेझाक करणारा कायदा टिकत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६३ मध्ये पेन्सिल्व्हेनिया स्थानकाची भव्य इमारत पाडायला सुरुवात झाली तेव्हा ती थांबवणारा कायदाच शहराकडे नव्हता. त्या हळहळीतून १९६५ चा महत्त्वाच्या वास्तूंचा कायदा झाला. काही वर्षांनी ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या मालक कंपनीने स्थानकावर पन्नासहून अधिक मजल्यांचा मनोरा बांधण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९७८ मध्ये न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. स्थानक पूर्वीप्रमाणे वापरता येते, त्यातून वाजवी उत्पन्न मिळते, आणि न वापरलेला बांधकामाचा हक्क जवळच्या दुसऱ्या भूखंडांवर नेता येतो, तेव्हा मालमत्ता हिरावून घेतली असे होत नाही, हा त्यामागचा विचार होता. आज अनेक शहरांत ज्याला हस्तांतरणीय विकास हक्क किंवा टीडीआर म्हणतात, त्याचा वारसा जपण्यासाठी होणारा उपयोग याच विचारातून रूढ झाला. वारसा सर्वांचा असेल तर त्याचा भार एकट्या मालकावर का, या प्रश्नाला कायद्याने दिलेल्या उत्तरांपैकी हे मला सर्वांत प्रामाणिक वाटते, अर्थात विकत घेतलेल्या हक्कांचे मनोरे शेजारच्या वस्तीत उभे राहतात हा त्याचा तोटा धरूनच.

स्मारकांच्या कायद्याला जे जमले नव्हते ते पर्यावरणाच्या कायद्याने आणले: निर्णयाआधीचा सक्तीचा अभ्यास. अमेरिकेत १ जानेवारी १९७० रोजी लागू झालेल्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यापासून पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची पद्धत जगभर पसरली. भारतात ती १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९९४ च्या अधिसूचनेने आली आणि २००६ मध्ये बदलली. धरण, खाण, महामार्ग असा प्रकल्प आखणाऱ्याने आधी आजची स्थिती मोजायची, प्रकल्पाने काय बदलेल ते सांगायचे, पर्याय मांडायचे आणि तो अहवाल लोकांपुढे ठेवून हरकती ऐकायच्या. चांगल्या अहवालात ‘प्रकल्पच केला नाही तर’ हाही पर्याय तपासलेला असतो. यात फक्त झाडे आणि पाणी येत नाही. परिसरातील पुरातत्त्वीय स्थळे, देवराया, स्मशाने, जुन्या वाटा यांचीही नोंद व्हायला हवी असते. व्यवहारात हे प्रकरण बहुधा दोन पानांत उरकलेले दिसते.

या पद्धतीची मर्यादा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केली: हा कायदा अज्ञानाने घेतलेला निर्णय रोखतो, शहाणपण नसलेला निर्णय रोखत नाही. परिणाम वाईट होतील हे नीट लिहून, लोकांना सांगून, तरीही प्रकल्प करायला अशा कायद्याची आडकाठी नसते. त्यातच अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराचे पैसे प्रकल्पवाला देतो, मोठा प्रकल्प लहान तुकड्यांत दाखवून मर्यादेच्या खाली ठेवला जातो, आणि परवानगीसोबत घातलेल्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहायला पुढे कोणी फिरकत नाही. असे असूनही मी या पद्धतीला कमी लेखणार नाही. जनसुनावणीत नोंदलेली हरकत आणि अहवालात लपवलेली वस्तुस्थिती यांच्या आधारावरच पुढे न्यायालयात दाद मागता येते. तो कागद नसेल तर सामान्य माणसाच्या हाती काही नसते.

याउलट काही कायदे विचारत बसत नाहीत, थेट थांबवतात. अमेरिकेचा १९७३ चा धोक्यातील प्रजातींचा कायदा असा आहे, आणि त्याची कसोटी टेनेसी राज्यातील टेलिको धरणावर लागली. धरणाचे काम चालू असताना लिटल टेनेसी नदीत स्नेल डार्टर नावाचा बोटभर लांबीचा मासा आढळला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्याचे शब्द स्वच्छ आहेत, प्रजात नष्ट होणार असेल तर खर्च कितीही झालेला असो, धरण थांबलेच पाहिजे. सगळ्या जगाने या निकालाची नोंद घेतली. पण त्याच खोऱ्यात चेरोकी या मूळ अमेरिकी लोकांच्या जुन्या गावांचे अवशेष आणि पूर्वजांच्या कबरी होत्या. ज्या तनासी गावावरून राज्याला नाव मिळाले असे मानतात ते गावही तेथेच होते. १९७९ मध्ये अमेरिकी संसदेने या एका धरणाला कायद्यातून सूट दिली. चेरोकींनी आपल्या पवित्र भूमीसाठी वेगळा दावा लावला, त्याला यश आले नाही, आणि खोरे पाण्याखाली गेले. मासा पुढे इतर प्रवाहांतही सापडला आणि २०२२ मध्ये धोक्यातील प्रजातींच्या यादीतून बाहेर आला. गावे परत येणारी नव्हती. माशाच्या बाजूने निदान एक कडक कायदा उभा राहिला, माणसांच्या स्मृतीच्या बाजूने तेवढाही नव्हता, ही या खटल्याची सहसा न सांगितली जाणारी बाजू आहे.

पर्यावरणाचा कायदा वास्तूच्या मदतीला धावून आल्याचे उत्तम उदाहरण म्हणजे ताजमहाल. ताजला हातोड्याचे भय नव्हते, हवेचे होते. कोळसा आणि कोक जाळणारे ओतकाम कारखाने, इतर उद्योग आणि जवळचा तेलशुद्धीकरण कारखाना यांतून निघणारा गंधकाचा वायू ओलाव्याशी मिळून संगमरवर पिवळा पाडत होता. स्मारकाभोवतीची १०० मीटरची रेघ वाऱ्याला अडवत नाही. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल देऊन सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या ‘ताज ट्रॅपेझियम’ क्षेत्रातील २९२ उद्योगांना नैसर्गिक वायूकडे वळायला, अन्यथा तेथून हलायला सांगितले. निकालात दोन तत्त्वे ठळकपणे आली. एक, गंभीर हानीची शक्यता असेल तर पूर्ण शास्त्रीय खात्री होईपर्यंत थांबून राहू नये. दुसरे, हानी भरून काढण्याचा खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसावा. यामुळे सिद्ध करण्याची जबाबदारी फिरली: माझ्या धुराने काही बिघडत नाही, हे आता कारखानदाराने दाखवायचे. हलवल्या जाणाऱ्या कारखान्यांतील कामगारांच्या नोकरीचे सातत्य आणि भरपाई यांचीही तरतूद निकालात होती, जी बातम्यांत फारशी आली नाही.

आता मघाच्या रेघेकडे. यलोस्टोनच्या हद्दीत शोशोनी या मूळ अमेरिकी लोकांचे समूह राहत आणि शिकार करत होते. उद्यान झाल्यावर त्यांना दूर केले गेले. मोकळा निसर्ग म्हणून जे जपले गेले, ते मुळात कोणाचे तरी घर होते. हाच साचा पुढे अनेक देशांनी उचलला. केनियातील माऊ जंगलातून ओगिएक लोकांना ‘जंगल वाचवण्यासाठी’ बाहेर काढले गेले तेव्हा २०१७ मध्ये आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयाने हा युक्तिवाद नाकारला. जंगलाचा ऱ्हास ओगिएकांमुळे झाल्याचे सिद्ध झालेले नाही आणि त्यांचा जमिनीचा, धर्माचा व संस्कृतीचा हक्क मोडला गेला आहे, असे न्यायालयाने ठरवले. भारतात २००६ च्या वनहक्क कायद्याने हा अन्याय मान्य केला, आणि ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात त्याचा कस लागला. डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती आणि डोंगरिया कोंध लोकांसाठी तो डोंगर नियमराजा या देवाचे स्थान होता. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या खाणीने लोकांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांवर घाला येतो का, याचा विचार ग्रामसभांनी करावा. त्या वर्षी १२ ग्रामसभा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली भरल्या आणि बाराही सभांनी खाण नाकारली. २०१४ च्या सुरुवातीला केंद्र सरकारनेही परवानगी नाकारली. डोंगर निसर्ग आहे की संस्कृती, हा प्रश्न त्या सभांमध्ये कोणी विचारला नाही, तो फक्त आपल्या खात्यांच्या विभागणीतला प्रश्न आहे. न्यूझीलंडने २०१७ मध्ये व्हांगानुई नदीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा देऊन तिच्या वतीने बोलायला दोन पालक नेमले, एक सरकारने निवडलेला आणि एक नदीकाठच्या माओरी या मूळ रहिवाशांच्या समूहांनी. तोडण्याआधी कोणाला विचारायचे, याचे तेथील उत्तर ‘नदीला’ असे आहे, आणि ते जितके भाबडे वाटते तितके नाही, कारण पालकाला प्रत्यक्षात बैठकीत खुर्ची मिळते.

जागचा न हलणारा वारसा एकीकडे आणि उचलून नेता येणारा दुसरीकडे. दुसऱ्यासाठी कायद्याची भाषा बदलते. १९७० च्या युनेस्को कराराने चोरून नेलेल्या सांस्कृतिक वस्तूंची आयात-निर्यात रोखण्याचे बंधन देशांवर घातले, आणि भारतात १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू देशाबाहेर नेण्यास बंदी झाली. मात्र परत आणताना मालक कोण हे सिद्ध करावे लागते आणि तेथेच बहुतेक दावे अडतात. तमिळनाडूतील पाथूर येथे १९७६ मध्ये जमिनीतून निघालेला चोळकालीन नटराज लंडनला पोहोचला, एका कॅनडियन कंपनीने तो विकत घेतला, आणि भांडण इंग्लंडच्या न्यायालयात गेले. हिंदू कायद्यात देवळाला स्वतःच्या नावाने दावा मांडता येतो, मग ते देऊळ शतकानुशतके ओस का पडलेले असेना, ही गोष्ट १९९१ मध्ये तेथील अपील न्यायालयाने मान्य केली आणि मूर्ती भारतात परतली. युद्धकाळासाठी १९५४ चा हेग करार आहे. तो फार काळ शोभेचाच वाटत होता. पण मालीतील टिंबक्टू येथील २०१२ मधील समाध्यांच्या विध्वंसाबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१६ मध्ये अहमद अल फकी अल महदी याला नऊ वर्षांची शिक्षा दिली, तेव्हा वास्तूचा नाश हा युद्धगुन्हा म्हणून एका माणसाच्या माथी थेट मारला जाऊ शकतो हे दिसले.

एवढ्या सगळ्या तरतुदींचा उपयोग कोणाला करायचा असेल, तर सुरुवात कागदांपासून होते. आपल्या परिसरातील स्थळाविषयी ‘ते संरक्षित आहे’ असे ऐकले की ते कोणत्या कायद्याखाली, कोणत्या राजपत्रातील अधिसूचनेने आणि कोणत्या हद्दीसह संरक्षित आहे, हे शोधावे. स्थानिक वारसा यादी, राज्याचे संरक्षण, राष्ट्रीय संरक्षण आणि जागतिक वारसा ही चार वेगळी प्रकरणे आहेत आणि एकात असलेले स्थळ दुसऱ्यात असेलच असे नाही. प्रकल्पाची नोटीस निघाली की हरकती घेण्याची मुदत ठरलेली असते. मुदतीनंतरचे मोर्चे वर्तमानपत्रात येतात, पण न्यायालयात मुदतीतील चार ओळींचा लेखी अर्ज अधिक उपयोगी पडतो. हरकत भावनेपेक्षा तपशिलावर असावी: अहवालात हे देऊळ दाखवलेले नाही, हा ओढा बारमाही असताना हंगामी म्हटला आहे, पर्यायी मार्ग तपासलेला नाही. अधिकाऱ्याला अशा मुद्द्यांना उत्तर द्यावे लागते.

काही हानी मात्र अशी आहे की ती कोणाच्याच हद्दीत घडत नाही. ऑस्ट्रेलियाने १९७५ मध्ये ग्रेट बॅरियर रीफसाठी स्वतंत्र सागरी उद्यानाचा कायदा केला, १९८१ मध्ये ती प्रवाळमालिका जागतिक वारसा झाली, मासेमारी, जहाजे, खाणकाम, पर्यटन अशा प्रत्येक गोष्टीवर तेथे नियम आहेत, आणि तरीही २०१६ पासून २०२४ पर्यंत समुद्राचे पाणी तापल्यामुळे तेथे पाच वेळा व्यापक प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले. उष्णता उद्यानाच्या परवानगी खिडकीवर येऊन अर्ज करत नाही. ती निर्माण करणारे धुराडे हजारो किलोमीटर दूर आणि वेगवेगळ्या देशांत असते, म्हणून ‘आधी विचारा’ या सूत्रावर उभारलेली सगळी रचना येथे अपुरी पडते. २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या सल्लावजा मतात हवामान व्यवस्थेची गंभीर हानी टाळण्यासाठी योग्य ती दक्षता घेणे हे प्रत्येक देशाचे कायदेशीर कर्तव्य असल्याचे म्हटले आहे आणि ते मोडल्यास भरपाईची जबाबदारी येऊ शकते असेही सांगितले आहे. हे मत बंधनकारक नाही. ते देशोदेशीच्या न्यायालयांत आधार म्हणून मांडले जाऊ शकते, आणि एखाद्या दूरच्या वीजप्रकल्पाच्या आघात मूल्यांकनात प्रवाळांचा हिशेब धरला जातो की नाही, हे त्या खटल्यांमधून ठरायचे आहे.